कच्च्या दाण्याचा दाखला

धंतोलीत राहणाऱ्या माणसाने दारावरच्या पाटीवर 'डॉ.' लिहू नये. मी लिहिलं आहे, आणि वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. केल्याची शिक्षा गेली अठ्ठावीस वर्षं भोगतो आहे. डावीकडे हाडांचा दवाखाना, उजवीकडे किडनीचा, समोर मेंदूचा, आणि मध्ये माझं घर. यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंतचे लोक एक्स-रेची पिशवी घेऊन माझी बेल वाजवतात. पाटीवर 'शरच्चंद्र' या नावाखाली ठळक अक्षरांत 'वनस्पतिशास्त्र' लिहून पाहिलं. तेव्हापासून काही लोक मूळव्याधीवर झाडपाला मागायला येऊ लागले. वाचायचं अर्धं आणि समजायचं त्याच्याही अर्धं, ही आमच्या शहराची जुनी खोड आहे.

म्हणून मागच्या वर्षी सप्टेंबरात दारात एक तिशीतला मुलगा आणि त्याच्यामागे हाताला फडकं गुंडाळलेली बाई दिसली तेव्हा मी सवयीने म्हणालो, "हाडाचं शेजारी. जखमेचं चौकात."

"जय भीम, सर," मुलगा म्हणाला. "आम्ही तुमच्याकडेच आलो. एक गवत दाखवायचं होतं."

तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, पण स्वतःहून गवत दाखवायला कोणी आलेलं मला आठवत नाही. विद्यार्थी यायचे ते हजेरी लावून घ्यायला. मी त्या दोघांना आत घेतलं.

मुलाचं नाव प्रशिक. जवळच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो रक्त काढायचं काम करायचा आणि रोज येता-जाता माझी पाटी वाचायचा. शेवटपर्यंत वाचणारा बहुधा तो पहिलाच. बाई म्हणजे त्याची आई, कौसल्या. दोघं काटोल रोडवरच्या एका खेड्यातले. खेड्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण छापलेलं पाहून तिथल्या पुढाऱ्यांना आनंद होईल आणि तो मला त्यांना द्यायचा नाही.

कौसल्याबाईंनी खताच्या पिशवीतून ओला जुडगा काढला आणि सरळ माझ्या टेबलावरच्या कागदांवर ठेवला.

"हे गवत नाही," मी म्हणालो. "मोथ्याच्या कुळातलं आहे. देठ बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागतात. गवताचं देठ गोल असतं."

"ते मले ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "आम्ही याले काट्याचा लव्हाळा म्हणतो. साधा लव्हाळा वेगळा अन् हा वेगळा. साधा कापाले जावं तर हा मधात येते अन् हात चिरते." त्यांनी फडकं बाजूला करून तळहात दाखवला. नव्या-जुन्या चिरांनी तो भरलेला होता.

हळूहळू सगळी हकिगत बाहेर आली. गावाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे पावसाच्या पाण्यावर भरणारं लहानसं तळं. आमच्याकडे खेडोपाडी असतात. तिच्या काठच्या दलदलीत लव्हाळा माजतो. कौसल्याबाई तो कापायच्या, सावलीत वाळवायच्या, चिरून त्याचे बंद करायच्या आणि भाजीवाल्यांना विकायच्या. त्या बाजूच्या बाजारांत सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची, पालकाची, मेथीची जुडी त्यांच्या लव्हाळ्याने बांधलेली असायची. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं त्यांचा हाच धंदा. मुलाचं शिक्षण त्यातच झालं.

आता बोडीचं सौंदर्यीकरण होणार होतं. या शब्दाचा अर्थ नागपूरकराला समजवावा लागत नाही. पाणी दिसलं की आमच्या लोकांना पहिल्यांदा कारंजं सुचतं, मग पिचिंग म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, मग चालायचा ट्रॅक, मग गावाच्या नावापुढे लाल बदाम असलेली इंग्रजी अक्षरं, फोटो काढायला. इथे तर हंसाच्या आकाराच्या होड्याही मंजूर झाल्या होत्या. सर्वेक्षणासाठी एका सल्लागार कंपनीची तीन पोरं मे महिन्याच्या दुपारी आली होती. बोडी तेव्हा कोरडीठाक. पोरांनी गाडीचा एसी चालू ठेवून काच खाली केली, फोटो घेतला आणि अहवालात लिहिलं : 'वनस्पती नगण्य. पक्षी : कावळा, एक.' पुढच्या पानावर खारफुटीची झाडं जपण्याबद्दल सूचना होती. समुद्रापासून इतक्या दूर! कोकणातला कुठला तरी अहवाल त्यांनी उचलला होता आणि तोही पूर्ण वाचला नव्हता.

"पाणथळ जागांच्या समितीसमोर सुनावणी आहे, सर," प्रशिक म्हणाला. "काही दुर्मिळ झाड आहे असं तज्ज्ञानं लिहून दिलं तर बोडी यादीत चढते. मग तिथं कोणाले हात लावता येत नाही. नाही तर पिचिंग सुरू."

"काठ गेला तर माझा धंदा गेला, सर," बाई म्हणाल्या. "दुसरं मले काही येत नाही. अन् या वयात कोण शिकवते?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. काट्याच्या लव्हाळ्यात म्हशी शिरत नाहीत. म्हशी शिरत नाहीत म्हणून काठ तुडवल्या जात नाही, आणि काठ तुडवल्या जात नाही म्हणून पाणी होळीपर्यंत टिकते. शेजारच्या गावानं तो जाळला, तर त्यांची बोडी संक्रांतीलाच आटली. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात एवढं लिहिलं असतं तर मी त्याला उभं राहून पदवी दिली असती. बाईंना मी "हं" म्हणालो.

पातं भिंगाखाली धरलं. दोन्ही कडांना आणि मागच्या शिरेवर बारीक काटे, सगळे एकाच दिशेला वळलेले. हे पातं मी चाळीस वर्षांपूर्वी, संशोधन करताना, एका जुन्या वाळवलेल्या नमुन्यावर पाहिलं होतं. स्क्लेरिया वंशातली एक जात. तिची विदर्भातून एकदाच नोंद झाली आणि पुन्हा कोणाला ती सापडली नाही. मी ती ओळखली. पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, कारण समोर बसलेल्यांना त्यातलं काय कळणार, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी मी बोडीवर गेलो. काठाशी गुडघाभर चिखल होता. मी बूट घालून उतरलो आणि एक बूट तिथेच राहिला. कौसल्याबाई अनवाणी पुढे चालत होत्या आणि मी कुठे पाय ठेवावा ते सांगत होत्या. मी ऐकत नव्हतो, आणि म्हणूनच बूट गेला. दाट हिरव्या पात्यांच्या भिंतीपाशी त्या थांबल्या. आत पाणकोंबडी ओरडत होती. मी कात्रीने पाच-सहा तुरे कापले.

"सर, आता नका नेऊ," त्या म्हणाल्या. "याचा दाना कच्चा आहे. दिवाळी झाल्यावर पिकते. पांढराशुभ्र होते, रांगोळीच्या शिरगोळ्यासारखा कडक. तवा न्या. तवाच याची खरी ओळख पटते. आता तर हा अन् त्या बांधावरचा दुसरा, दोन्ही सारखेच दिसते."

आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती सांगायची माझी इच्छा नसली तरी. या वनस्पतींची जात दाण्यावरूनच ठरते. दाण्याचा रंग, त्यावरची नक्षी, बुडाशी असलेली वाटी. पातं, काटे, उंची हे सगळं फसवं असतं. कच्च्या दाण्यावर नाव लावायचं नाही, हा या कामातला पहिला नियम, आणि तो मी तीस वर्षं फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित करत आलो. ज्या मुलांनी तो मोडला त्यांच्या वह्या मी वर्गात सगळ्यांसमोर फेकल्या आहेत.

आणि तोच नियम चिखलात उभी राहून बंद विकणारी एक बाई मला सांगत होती. मला राग आला. "बाई, हे माझं काम आहे," मी म्हणालो, "तुम्ही तुमचं करा."

"सर," प्रशिक मागून म्हणाला, "आमच्या लॅबमध्ये सॅम्पल बरोबर नसलं तर आम्ही परत पाठवतो. चुकीचा रिपोर्ट देण्यापेक्षा उशीर बरा. सुनावणीत मुदत मागता येते, मी विचारलं आहे. दीड-दोन महिने देतात."

"तू रक्त काढ," मी म्हणालो. त्याने मान खाली घातली आणि माझा बूट शोधायला लागला.

तुरे मी वर्तमानपत्रात दाबून वाळवले, जाड पांढऱ्या कागदावर शिवले, कोपऱ्यात चिठ्ठी डकवली. अशा चिठ्ठीवर शेवटची ओळ असते : 'नाव निश्चित करणारा'. तिथे मी माझं नाव लिहिलं. चांगल्या शाईच्या पेनने लिहिलं. निवृत्तीनंतर ती ओळ भरायची वेळ पहिल्यांदाच आली होती आणि अक्षर सुरेख आलं, खोटं कशाला बोलू.

सुनावणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. खुर्च्या मांडलेल्या, पाण्याच्या लहान बाटल्या, भिंतीवर कमळांचं चित्र. समितीत एक अधिकारी मॅडम अध्यक्ष, दोन जण मोबाइल पाहणारे, आणि तज्ज्ञ म्हणून गणपतराव. त्यांना पाहून माझ्या कपाळावर आठी पडली. गणपतराव आमच्याच विभागात होते. खाप्याला कन्हान नदीच्या काठावर सापडलेल्या एका मोथ्याचं नाव लावायला या गृहस्थाने दोन वर्षं घेतली होती. दर पावसाळ्यात जायचे, दर हिवाळ्यात जायचे, फळ पिकलं का बघायचे. मी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करायचो आणि सगळे हसायचे. गणपतरावही हसायचे, त्याचाच मला जास्त संताप यायचा.

आधी कंपनीच्या पोराला विचारलं की नागपुरात खारफुटी कुठून आली. "टायपिंग मिस्टेक, मॅडम," तो म्हणाला. मॅडमनी ती मान्य केली. अख्खी दोन पानं टायपिंगमध्ये चुकली होती! मी मोठ्याने हसलो, आणि माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मागच्या रांगेत कौसल्याबाई नवीन निळं लुगडं नेसून बसल्या होत्या. हातात पिशवी घट्ट धरलेली होती.

मी उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. दुर्मिळ म्हणजे काय, यांच्या तोंडी हा शब्द किती स्वस्त झाला आहे, हे सगळं ऐकवलं. मग नमुन्याचा कागद मॅडमसमोर ठेवला. त्यांनी तो गणपतरावांकडे सरकवला. गणपतरावांनी खिशातून भिंग काढलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग विचारलं, "ताजा तुरा आहे का एखादा?"

कौसल्याबाई लगबगीने पुढे आल्या. सकाळीच कापून आणलेला तुरा त्यांनी पिशवीतून काढून दिला. गणपतरावांनी एक हिरवा दाणा तोडला आणि नखाने दाबला. दूध आलं.

"कच्चा आहे गा, शरदभाऊ," ते हळूच म्हणाले. "तुम्ही म्हणता तेच असेल. माझंही मन तेच म्हणते. पण यावर नाव नाही लावता येत."

"मला येतं," मी म्हणालो.

"मुदत हवी आहे का, सर?" मॅडमनी विचारलं. त्या घड्याळाकडे पाहत होत्या, पण विचारलं त्यांनी. "डिसेंबरची तारीख देता येईल. तोपर्यंत काम थांबलेलं राहील."

एवढं सोपं होतं ते. एक शब्द बोलायचा होता. मागून प्रशिक म्हणाला, "सर, घ्या ना." आणि कौसल्याबाई, समितीसमोर बोलायचं असतं की नाही हे न कळून, अर्धवट उभ्या राहून म्हणाल्या, "दिवाळी झाली का पिकते जी तो. मी घेऊन येतो."

गणपतरावांनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. "बरोबर आहे बाईचं."

मी त्या खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. खारफुटीवाला पोरगा, मोबाइलवाले दोघे, दोन वर्षांत एक झाड ओळखणारे गणपतराव, आणि त्यांची नवी सहाध्यायी कौसल्याबाई. मुदत मागायची म्हणजे या मंडळींकडून मी नियम शिकलो असं कबूल करायचं. "मुदत ज्यांना शंका आहे त्यांनी मागावी," मी म्हणालो. "नाव मी निश्चित केलं आहे. खाली सही आहे. तज्ज्ञाचा शब्द पुरत नसेल तर तज्ज्ञ बोलावता कशाला?"

गणपतरावांनी आणखी एकदा विचारलं. "शरदभाऊ, दीड महिन्याचा प्रश्न आहे."

"तुमचा असेल. माझा नाही."

मॅडमनी लिहून घेतलं. आठ दिवसांनी आदेश आला : सादर केलेल्या नमुन्यावरून वनस्पतीची ओळख सिद्ध होत नाही, आक्षेपकर्त्या तज्ज्ञांनी मुदत नाकारली, आक्षेप फेटाळण्यात येतो. मराठी अर्थातच भिकार होतं. मी लाल पेनने त्यातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या आणि तो दिवस त्यातच घालवला.

जेसीबी दिवाळीच्या चार दिवस आधी लागला. पिचिंगला सरळ उतार लागतो, म्हणून पहिल्यांदा काठच खरवडला. एकही दाणा पिकला नाही. हे मला प्रशिकने फोनवर सांगितलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, आणि फोन ठेवताना "जय भीम, सर" म्हणाला. त्यानंतर तो समोरच्या फुटपाथने जायला लागला. मी खिडकीतून पाहायचो. मला त्याचा राग यायचा, कारण स्वतःचा राग येणं मला कधी जमलेलं नाही.

या वर्षी दिवाळीनंतर मी बोडीवर गेलो. कारंजं किती फालतू आहे ते पाहायला जातो आहे, असं मी स्वतःला सांगितलं. कारंजं खरंच फालतू होतं आणि बंद होतं. दोन हंस पालथे पडले होते. पाणी सप्टेंबरातच उतरायला लागलं असावं. आता मधोमध एक हिरवट डबकं उरलं होतं आणि त्यात वेफर्सच्या पुड्या होत्या. ट्रॅकवर एकही माणूस चालत नव्हता. मला फार बरं वाटलं. मी म्हणालो होतो तसंच सगळं झालं होतं.

मग पिचिंगच्या दगडांमध्ये, खालच्या ओळीत, मला हिरवं दिसलं. खाली कुठेतरी मुळाचा गड्डा राहिला असणार. हातभर उंचीचं एकच रोप, तीनधारी देठ, काटेरी पाती. तुऱ्यात दाणे पिकलेले. पांढरे, चकचकीत, नखाने दाबले तर नखच दुखेल असे. मी घाईघाईने उतरलो, दगडावर एक पाय टेकला, दाणा तोडून भिंगाखाली धरला. नक्षी होती. बुडाशी तीन पाकळ्यांची वाटी होती. तेच नाव. चिठ्ठीवर चांगल्या शाईने लिहिलेलं तेच नाव, अक्षर न् अक्षर.

वरून कोणीतरी खाली येत होतं. ठेकेदाराचं हिरवं जाकीट लुगड्यावर चढवलेलं, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात टोपलं. कौसल्याबाई होत्या. दगडांतलं तण काढायला ठेकेदाराने चार बायका ठेवल्या होत्या, त्यातल्या एक. गावातली हीच एक नोकरी निघाली होती.

"कौसल्याबाई!" मी ओरडलो. "मी बरोबर होतो! हे बघा, दाणा. तेच आहे हे. मी म्हणालो होतो तेच!"

त्यांनी माझ्या तळहातावरचा दाणा पाहिला. बोटाने उलटा केला.

"हो," त्या म्हणाल्या. "पिकला."

"मी चुकलो नव्हतो. त्या गणपतरावांना आता दाखवतो. सगळ्या समितीला दाखवतो."

"मंग बोडी परत येते का, सर?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली. खरोखर पाहिली, टोपलं खाली ठेवून. मग पुन्हा उचललं.

"हे एवढं तरी उपटू नका," मी म्हणालो. "फार दुर्मिळ आहे. सुपरवायझरने विचारलं तर माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगितलं होतं जी मागच्या वर्षी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. बाजारात सडकी जुडी बाजूला टाकताना बाया जशा बोलतात तशा त्या बोलल्या. "सरका बाजूले. सुपरवायझर येऊन राहिला. अन् पाय उचला, तुमचा पाय त्याच्यावरच आहे."

मी खाली पाहिलं. दगडाच्या फटीतून बाहेर आलेला अर्धा गड्डा माझ्या बुटाखाली होता. मी पाय उचलला. त्यांनी फटीत खुरपं घातलं, रोप मुळासकट काढलं, माती झटकली आणि टोपल्यात टाकलं.